फांदीवरची नावं

गोदावरीवरून आलेलं धुकं नांदेडच्या वजिराबाद भागातल्या गल्ल्यांतून अजून गेलं नव्हतं, तेव्हा आबेदाबी जिना चढून वर आली. दारावर ‘जया कंधारकर, खासगी चौकशी’ अशी पाटी होती. तिनं ती दोनदा वाचली, चप्पल काढली आणि मग आत पाऊल टाकलं.

जयाताई खिडकीशी डोळे मिटून बसल्या होत्या. नव्या माणसाला वाटायचं, बाई झोपल्या. पण त्या ऐकत असायच्या. टेलिफोन खात्यात त्यांनी उमेदीची वर्षं १९७ वर काढली होती. लोक फोन करून नाव सांगत, त्या नंबर सांगत. त्या नोकरीनं त्यांना एक खोड लावली होती: माणसाच्या बोलण्याबरोबर त्याच्या मागं काय वाजतंय तेही ऐकायचं. कुकर, रेडिओ, देवळातली घंटा, पोराचं रडणं. लग्नाच्या आणि विम्याच्या चौकशांत ही खोड पोटापुरती उपयोगी पडत होती.

कोपऱ्यात स्टोव्हपाशी व्यंकटी बसला होता. एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. आता तो ताईंची जुनी मारुती व्हॅन चालवायचा, चहा करायचा आणि प्रश्न विचारायचा. आपलं डोकं हळू चालतं, असं तो स्वतःच सांगत असे, त्यामुळे त्याला कुणी चिडवू शकत नव्हतं.

“चहा घ्या,” तो म्हणाला.

“रोजा हाय,” आबेदाबी म्हणाली, आणि एकदम बोलून मोकळी झाली. “बाई, माझ्या पोराला आज सांजच्याला पोलिसात देणार हायत.”

पोराचं नाव फैजान. लातूरच्या पहाटतारा क्लासेसमध्ये तो संगणकाचं काम बघत होता.

“चोरी?” जयाताईंनी विचारलं.

“चोरी असती तर बरं होतं. नावं मिटवली म्हणतात. भूकंपाच्या पोरांची.”

भूकंपाला दहा वर्षं झाली होती, तरी त्या शब्दानंतर लोक अजून थोडं थांबत.

पहाटताराचे गुरुपादप्पा सर औसा तालुक्यातले. त्या पहाटे त्यांचं घर गेलं, घरातली माणसं गेली. मागं राहिले ते आणि पुतण्या भारत. सरांनी लातुरात एका पत्र्याच्या खोलीत शिकवणी सुरू केली. पुढं सगळ्या राज्यातून पोरं गादीची वळकटी आणि पत्र्याची पेटी घेऊन लातूरला येऊ लागली, गल्लीगल्लीत क्लास उभे राहिले, आणि पत्र्याच्या खोलीची तीन मजली इमारत झाली. नांदेडलाही शाखा निघाली. पण पडलेल्या गावांतल्या पोरांचं वसतिगृह सरांनी फुकटच ठेवलं.

“नौकरी गेली तर जाऊ द्या,” आबेदाबी म्हणाली. “माझ्या शिलाईवर भागतंय. पण ढिगाऱ्यातून वाचलेल्या पोरांची नावं ह्यानं मिटवली, असं लोकांनी बोट दाखवलं तर माझा फैजान जगंल कसा?”

जयाताईंनी डोळे उघडले. “व्यंकटीभाऊ, गाडी काढा. आधी इथली शाखा, मग लातूर.”

नांदेडच्या शाखेत नाझनीन नावाची मुलगी संगणकावर बसत असे. तिच्या टेबलाशेजारच्या खिडकीतून मशिदीचा मिनार दिसत होता.

“काल काय झालं?”

“रोजा सोडायला इथंच बसले होते, बाई. पाण्याचा गिलास, खजूर. अजान सुरू झाली, मी खजूर उचलला, आणि पडद्यावरची नावं गेली.” तिनं हात वरून खाली नेला. “एकदम न्हाई. एकेक ओळ. तारेवरच्या चिमण्या उठतात ना, तशी. मी बघतच राहिले. खजूर हातातच राहिला.”

“मग?”

“लातूरला फोन लावला. लाइनच मिळंना. लई वेळानं लागला, तो फैजानभाईंनीच उचलला. म्हणाले, आत्ताच येऊन बसलोय, बघतो.”

“लातूरच्या लोकांनी तुला काही विचारलं?”

“न्हाई. मशीनमध्ये सगळं लिहिलेलं असतं म्हणाले. मला काय विचारायचं?” मग तिनं खणातून एक सीडी काढली. “ही फैजानभाईंनी परवा दिली होती. सगळी नावं साध्या अक्षरांत. कुठलंही मशीन वाचू शकतं म्हणाले होते. पण सर म्हणतात, त्याच्या हातचं काही लावायचं न्हाई.”

जयाताईंनी सीडी पर्समध्ये ठेवली.

गाडी लोह्याच्या पुढं गेली. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता आणि धुक्यात शेत कुठं संपतं ते कळत नव्हतं. मागच्या सीटवर आबेदाबी मांडीवर डबा घेऊन बसली होती. संध्याकाळचा, पोरासाठी.

“ताई,” व्यंकटी बऱ्याच वेळानं म्हणाला, “नाव मिटलं म्हंजे काय? पोरं तर हायतच की वसतिगृहात.”

“आहेत. पण क्लासच्या संगणकांना ती माहीत नाहीत. त्यांची एक डिरेक्टरी असते, आमच्या १९७ सारखी. पोरगं अभ्यासिकेत बसून आपलं नाव टाकतं. संगणक डिरेक्टरीला विचारतो, हा आपला का? ती हो म्हणाली तर त्याला प्रश्नपत्रिका मिळते, निकाल मिळतो. ती नाही म्हणाली तर तो कुणीच नाही. ही नावं झाडासारखी लावलेली असतात. क्लास म्हणजे खोड, शाखा आणि वसतिगृहं म्हणजे फांद्या, पोरं म्हणजे पानं. काल कुणीतरी एक अख्खी फांदी तोडली.”

“आणि ते झाड फैजाननं लावलेलं.”

“परवाच. आधीची डिरेक्टरी हैदराबादच्या एका कंपनीची होती. तिची भाषा तिची तिलाच कळायची. नांदेडच्या संगणकानं काही विचारलं तर ती गप्प. नाव घालायचं, काढायचं, बघायचं, सगळं एका किल्लीवर, आणि किल्ली भारतपाशी. फैजाननं आणली ती खुल्या पद्धतीची. तिचे नियम सगळ्यांना ठाऊक. नियम पाळणारं कुठलंही यंत्र तिच्याशी बोलू शकतं. एकीकडं बदल झाला की दुसरीकडं त्याच घडीला दिसतो.”

व्यंकटीनं एक बैलगाडी मागं टाकली आणि विचार पुरा केला. “म्हंजे जुनी ती आपली लातूरची छोटी रेल्वे. तिचा डबा दुसऱ्या रुळावर चालत न्हाई.”

“अगदी तसंच.” जयाताई हसल्या. डोकं हळू चालतं म्हणणाऱ्या माणसाकडून एवढ्या लवकर एवढं मिळालं, याचं त्यांना नवल वाटलं.

पहाटताराच्या आवारात पोरं पुस्तकं घेऊन झाडांखाली बसली होती. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. सगळ्या इमारतीला पहाटेची झोप लागल्यासारखं वाटत होतं, आणि दुपार तर टळत आली होती.

व्यंकटीनं व्हरांड्यातल्या घड्याळाकडं पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. “अर्धा तास उशीर? मी तर बरोबर येळेत आणली गाडी.” सगळी नोकरी वेळेवर गाड्या पोचवण्यात गेलेला माणूस तो. बिचाऱ्यानं मुकाट्यानं आपलं मनगटी घड्याळ अर्धा तास पुढं केलं.

फरशी पुसणारी म्हातारी खुदकन हसली. ती धोंडाबाई, वसतिगृहात झाडलोट आणि दिवाबत्ती करणारी. “अवो मामा, ते क्लासचं घड्याळ हाय. पुढंच असतंय. नवं पोरगं आलं की सर आधी त्याचं गजराचं घड्याळ पुढं करत्यात, मग पाणी इचारत्यात. आम्ही बाहेरची येळ मनातल्या मनात लावतो.”

व्यंकटीनं ओशाळून घड्याळ परत मागं केलं.

“मावशी, काल तुम्हाला काही वेगळं दिसलं?” जयाताईंनी विचारलं.

“दिसायचं काय? भांडण होणार हे मला ठावंच होतं. दिवाबत्ती करत फिरत होते, तर कंप्युटरच्या खोलीच्या दाराशी भारतदादाची चप्पल उलटी पडलेली. उलटी चप्पल म्हंजे घरात कलागत. मी सुलटी केली, पण व्हायचं ते झालंच.”

“हे कुणाला सांगितलंत?”

“चपलीचं काय सांगायचं? नावं सव्वासहाला गेली म्हणून सगळे सव्वासहाचं इचारत होते. तवा तर फैजानच्याच चपला होत्या तिथं.”

त्या खोलीत चप्पल घालून जायचं नाही, असा सरांचा दंडक होता. धुळीनं यंत्रांना सर्दी होते म्हणे. जयाताई अनवाणी आत गेल्या. नव्या सर्व्हरवर कुंकवाचा टिळा होता आणि वर वाळलेलं झेंडूचं फूल. शेजारी फैजान उभा होता, दोन दिवसांची दाढी वाढलेला, डोळे सुजलेले. आईला बघून त्यानं मान खाली घातली. आबेदाबीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“सर्व्हरमधली नोंद काय सांगते?”

“माझ्या नावानं फांदी काढली गेली. सव्वासहा वाजता.” त्याचा आवाज खोल गेला होता. “आणि सव्वासहाला मी इथंच होतो, बाई. एकटा. हे मी न्हाई कसं म्हणू?”

“त्याच्या आधी?”

“मशिदीत. रोजा सोडून, नमाज पढून परत आलो होतो. बसतोय तोच नांदेडचा फोन आला.”

“जाताना पडदा बंद केला होता?”

“घाईत तसाच राहिला. रोज तसाच राहातो. सगळ्यांना माहीत हाय.”

“आणि या सर्व्हरची वेळ? क्लासच्या घड्याळासारखी तर नाही?”

“न्हाई, न्हाई. परवा मी स्वतः नांदेडच्या मशीनशी मिळवून लावली. दोन डिरेक्ट्र्यांची वेळ एक नसली तर कुणाचा बदल नवा, कुणाचा जुना, त्यांना कळतच न्हाई. खुल्या पद्धतीत वेळ सगळ्यांची एकच लागते.”

व्यंकटी दारातून बाजूला झाला. त्याला पोराची दया येत होती, पण हिशेब त्याच्याच विरुद्ध जात होता.

हैदराबादच्या कंपनीची प्रतिनिधी म्हणजे उजमा. मूळची उदगीरची, आणि कंपनी हैदराबादची असली तरी बोलणं अजून उदगीरचंच. ती बाहेरच्या कट्ट्यावर बसली होती.

“खरं सांगू? आमची सिस्टिम गेली तर माझ्या साहेबांना वाईट वाटंल,” ती म्हणाली. “पण फांदी तोडायला मला इथं यावं लागलं असतं. काल मी टाउन हॉलमध्ये होते. पालकांची सभा होती.”

“किती वाजल्यापासून?”

“रोजा तिथंच सोडला. एका पालकबाईंनी पाणी दिलं, दोन खजूर दिले. सभा मात्र उशिरा सुरू झाली. भारतभाऊ आले नव्हते. आले ते धापा टाकतच, गंजगोलाईच्या बाजारात गर्दी होती म्हणाले. मग सगळा वेळ व्यासपीठावर माझ्या शेजारीच बसले.”

“जुन्या सिस्टिममधून ही नावं परत येतील?”

“येतील. पण ती उघडायची किल्ली भारतभाऊंकडंच हाय. आमची पद्धतच तशी. एक दार, एक किल्ली.” तिनं जरा शरमून पुढं म्हटलं, “कंपनी त्यालाच सुरक्षा म्हणते.”

भारतच्या केबिनबाहेर एक लांब बाकडं होतं. पालकांनी बसून बसून त्याचं लाकूड गुळगुळीत झालं होतं. आज त्यावर कुणी नव्हतं.

भारत पस्तिशीचा, इस्त्रीच्या कपड्यांतला, नम्र माणूस. “मला फैजानचं वाईट वाटतं,” तो म्हणाला. “पोरगा गुणी आहे. पण मी काकांना आधीच बोललो होतो. खुली पद्धत म्हणजे उघडं दार. आता आज रात्री जुनी डिरेक्टरी परत चालू करतो. नावं येतील. कुणाचं नुकसान होणार नाही.”

“सव्वासहाला तुम्ही कुठं होता?”

“टाउन हॉलमध्ये. दोनशे पालकांसमोर.” तो पहिल्यांदाच जरा हसला. “काल पहाटे नव्या मशीनच्या पूजेला तेवढा त्या खोलीत गेलो होतो. त्यानंतर मी तिथं पायच ठेवला नाही.”

गुरुपादप्पा सर वरच्या मजल्यावर बसले होते. पांढरं धोतर, पांढरी दाढी, कपाळावर विभूतीचे पट्टे. टेबलावर फोन होता. पोलिसांना लावायला त्यांनी संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती, आणि ती का दिली हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

“माझा राग फैजानवर नाही,” ते म्हणाले. “पण ती नावं, बाई. ढिगाऱ्यापुढं उभा राहून मी नावं पुकारली होती. आईचं, बायकोचं, पोरींचं. पुन्हा पुन्हा. काल पडद्यावर नावं शोधत होतो, तर माझे हातपाय तसेच गार पडले.”

जयाताईंनी विचारलं, “नव्या मशीनची पूजा तुम्हीच केलीत?”

“काल पहाटे. फैजान यायच्या आधी. मी आणि भारत होतो.”

“पूजेत काय काय केलं?”

“नारळ, कुंकू. नेहमीचं असतं ते सगळं.”

जयाताई उठल्या. “सूर्य मावळायच्या आधी सगळ्यांना संगणकाच्या खोलीत बोलवा, सर. फोन त्यानंतर करा.”

खोलीच्या दाराशी चपलांची रांग लागली होती. आत सगळे अनवाणी उभे होते. खिडकीबाहेरचा उजेड पिवळा झाला, मग तांबूस झाला, आणि आवारातल्या पोरांच्या सावल्या लांब होत होत एकमेकींत मिसळल्या. जयाताई डोळे मिटून खुर्चीत बसल्या होत्या. भारतनं दोनदा घसा खाकरला.

आबेदाबीनं डबा उघडला. एक खजूर फैजानच्या हातावर ठेवला, एक उजमाच्या, एक स्वतः घेतला.

मग दूरच्या मशिदीतून अजान सुरू झाली.

“उजमा,” जयाताईंनी डोळे न उघडता विचारलं, “पडद्यावर किती वाजलेत?”

उजमा वाकली. “सव्वासहा.” मग तिनं आपल्या मनगटाकडं पाहिलं आणि ती गोंधळली. “पण माझ्या घड्याळात तर...”

“आधी रोजा सोडा. मग बोलू.”

तिघांनी खजूर खाल्ला, पाणी प्यायलं. अजान संपेपर्यंत कुणी हललं नाही. फैजानचे डोळे मात्र पडद्यावर खिळले होते. त्याच्या ध्यानात येऊ लागलं होतं.

“काल नांदेडला,” जयाताईंनी सुरुवात केली, “नाझनीननं रोजा सोडायला खजूर उचलला आणि त्याच घडीला नावं उडाली. तिच्या मागं अजान चालू होती. लातूरची नोंद सांगते, हे सव्वासहाला झालं. या दिवसांत अजान सव्वासहाला होत नाही. बराच आधी होते. दोन्ही खऱ्या कशा असतील? नाझनीनला खोटं बोलायचं कारण नाही. आणि यंत्र खोटं बोलत नाही म्हणता, तर त्याला वेळ कुणी शिकवली ते बघायला हवं.”

“पण वेळ तर फैजाननं बरोबर लावली होती की,” व्यंकटी म्हणाला.

“परवा लावली होती. काल पहाटे पूजा झाली. व्यंकटीभाऊ, तुम्ही इथं आल्या आल्या काय केलंत?”

“घड्याळ पुढं केलं,” तो लाजून म्हणाला.

“या इमारतीत आलेलं प्रत्येक घड्याळ पुढं जातं. पोरांची गजराचीसुद्धा. संगणकातही एक घड्याळ असतं. सर, पूजेत नेहमीचं म्हणजे तेही ना?”

“हो,” सर म्हणाले. त्यात विशेष काही आहे असं त्यांना अजूनही वाटत नव्हतं. “पण मला संगणकाचं काय येतंय? मी भारतला सांगितलं. त्यानं केलं.”

भारत खिडकीकडं बघत होता.

“म्हणजे नावं सव्वासहाला उडाली नाहीत. अर्धा तास आधी उडाली,” जयाताई म्हणाल्या. “तेव्हा फैजान मशिदीत रोजा सोडत होता. उजमा टाउन हॉलमध्ये. आणि भारत? त्याची खुर्ची रिकामी होती. दिवाबत्तीच्या वेळी धोंडाबाईंनी याच दाराशी त्याची उलटी चप्पल सुलटी केली. त्यानं तर पूजेनंतर इथं पायच ठेवला नव्हता म्हणे. फैजान घाईत पडदा उघडा टाकून जातो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सर्व्हरचं घड्याळ पुढं आहे, हे सरांना आणि भारतला. पण सरांना ती रोजचीच गोष्ट, त्यांच्या ते मनातच आलं नाही. भारतच्या आलं. फांदी तोडून तो टाउन हॉलकडं धावला. नोंदीतली सव्वासहाची वेळ आली तेव्हा तो दोनशे पालकांसमोर बसला होता, आणि फैजान या खुर्चीत.”

“नांदेडच्या मशीनची वेळ खरी हाय,” फैजान हळूच म्हणाला. “तिथंही नोंद असंल.”

उजमानं नांदेडला फोन लावला. नाझनीननं बघून सांगितलं. पावणेसहा.

“का रे?” सरांनी विचारलं. दोनच शब्द, पण ते बोलताना त्यांचा आवाज म्हाताऱ्याचा झाला.

भारत खिडकीपासून वळला आणि म्हणाला, “बाकडं रिकामं झालं, काका. दहा वर्षं लोक माझ्या दाराशी बसायचे. भारतदादा, पोराचं नाव घाला. भारतदादा, तेवढं नाव बघा. परवापासून कुणी येईना. नांदेडची ती पोरगीसुद्धा सगळं आपलं आपण बघायला लागली. नावं मी परत आणणारच होतो. आज रात्रीच. मला पोरांचं वाईट करायचं नव्हतं.”

“आणि माझ्या पोराचं?” आबेदाबीनं विचारलं.

भारतनं खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला आणि तो बाहेर गेला. दाराशी चपलांत पाय घालताना त्याला नीट दिसत नसावं, एक चप्पल उलटी झाली. त्यानं वाकून ती स्वतःच सुलटी केली. त्याला थांबवावं म्हणून सर दाराकडं दोन पावलं गेले आणि तिथूनच परत फिरले.

सर आबेदाबीसमोर आले आणि त्यांनी हात जोडले. “बाई, तुमच्या पोरावर मी आळ घेतला.”

“पोरांवर प्रेम होतं म्हणून घेतला,” आबेदाबी म्हणाली. “पण घेतला, सर.”

“घेतला,” सर म्हणाले.

फैजाननं सर्व्हरची वेळ खऱ्या वेळेशी मिळवली. मग जयाताईंनी पर्समधून सीडी काढून त्याच्या हातात दिली. त्यानं विचारणाऱ्या नजरेनं सरांकडं पाहिलं. सरांनी मान हलवली.

“सर,” जयाताईंनी हळू आवाजात विचारलं, “घड्याळं पुढं का?”

सर खाली सतरंजीवर बसले. “मी चारचा गजर लावायचो. पहिल्या गाडीनं शाळेला जायचं असायचं. गजर झाला की सगळं घर उठायचं, पोरी अंगणात यायच्या, चूल पेटायची. त्या दिवशी मी विसर्जनासाठी लातुरात थांबलो होतो, पण गजर घरी लावलेलाच होता.” ते थांबले. “जमीन चारच्या जरा आधी हलली. जराच. गजर अर्धा तास आधी झाला असता, तर सगळी अंगणात असती.”

जयाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

“आता ते मागं करायला पाहिजे,” सर व्हरांड्यातल्या घड्याळाकडं बघत म्हणाले. “सगळ्यांची वेळ एक पाहिजे, हे खरंय. पण माझ्या हातानं काटा मागं फिरणार नाही हो.”

व्यंकटी डोकं खाजवत उठला. स्टुलावर चढून त्यानं घड्याळ काढलं, मागचा सेल काढला, आणि थांबलेलं घड्याळ सरांच्या मांडीवर ठेवलं. “मागं कशाला फिरवता, सर? असंच राहू द्या. अर्धा तास बसू. येळच येईल ह्याच्यापाशी चालत.”

सरांनी त्याच्याकडं पाहिलं, मग घड्याळाकडं. दोन्ही हातांनी त्यांनी ते धरून ठेवलं.

आबेदाबीनं डब्यातली भजी सगळ्यांच्या हातावर ठेवली. पडद्यावर फांदी परत फुटू लागली होती. एकेक ओळ, वरून खाली. सरांनी चष्मा लावला. पहिलं नाव आलं तसं त्यांच्या तोंडून ते आपोआप बाहेर पडलं, मोठ्यानं, वर्गात हजेरी घेतात तसं.

“सिद्रामप्पा बसवंत.”

खिडकीबाहेरच्या अंधारातून एक घोगरा आवाज आला, “आहे, सर!”

सर दचकले. त्यांनी ओठ घट्ट मिटले. पडद्यावर दुसरं नाव आलं, तिसरं आलं, तरी ते गप्पच. मग आबेदाबी म्हणाली, “वाचा ना, सर. पोरं वाट बघून राहिलीत.”

“लक्ष्मी गुंडाप्पा.”

“आहे!”

“पंचफुला माणिक.”

“आहे, सर, हे काय, इथं!”

खिडकीशी पोरांची गर्दी झाली. नावं येत राहिली, सर वाचत राहिले, आणि प्रत्येक नावाला अंधारातून कुणी ना कुणी ओ देत होतं. एकही नाव रिकामं गेलं नाही. शेवटचं नाव वाचून झालं तेव्हा सरांचा गळा बसला होता आणि दाढी भिजली होती.

व्यंकटीनं आपलं मनगट वळवून पाहिलं. “झाली, सर. आली येळ.”

सरांनी हात पुढं केला. व्यंकटीनं सेल त्यांच्या तळव्यावर ठेवला, आणि सरांनी तो स्वतःच्या हातानं घड्याळात बसवला.